दुसरा बाण

कोरीट गावात हिंमतरावाला हिंमतराव म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांसाठी तो रंगूनबाबा झाला होता. बावीस वर्षं त्याने ब्रह्मदेशात, रंगूनच्या एका तांदळाच्या गिरणीत जमादारकी केली, आणि तिकडे दंगे उसळले त्या साली एक लाकडी पेटी डोक्यावर घेऊन तो गावी परतला. पेटीत सोनं असणार म्हणून भाऊबंद दोन दिवस घर सोडीनात. पेटी उघडली तेव्हा आतून निघाल्या दोन लुंग्या, एक छत्री आणि पांढऱ्या दगडाची वीतभर बुद्धाची मूर्ती. भाऊबंद गूळपाणी पिऊन आपापल्या घरी गेले.

बाबाची खरी पुंजी पेटीत नव्हतीच, ती त्याच्या जिभेवर होती. तिकडच्या पिवळ्या वस्त्रांतल्या साधूंजवळ बसून बसून त्याने बुद्धाची वचनं आणि गोष्टी गोळा केल्या होत्या. गावातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यातली एक मात्रा तो उगाळून देई. शेजारच्या जमनाबाईची सासू तिला उठता-बसता शिव्या घाले. जमनाबाई रडत त्याच्या ओट्याशी आली तेव्हा बाबा म्हणाला, "कोनी तुन्हा दारवर ताट आनं नि तू ते लिधंच नही, मंग ते ताट कोनं ऱ्हायनं?"

"जो आनी त्यानंच," जमनाबाई म्हणाली.

"शिवीनं बी तसंच शे, बेटा. लेऊ नको."

जमनाबाईने शिव्या घेणं बंद केलं. महिन्याभरात सासू गप्प झाली. तिची दाढ सुजली होती असंही काही जण म्हणतात, पण श्रेय बाबाला गेलं. तेव्हापासून संध्याकाळी ओट्यावर दहा-बारा माणसं ठरलेली. एका धनुबाईवर मात्र या ज्ञानाचा काही परिणाम नव्हता. ती बाबाची बायको. बावीस वर्षं एकटीने शेत कसलेली बाई. ती आतून विचारी, "तुमना बुद्धनी सरपन फोडाले नही सांगं का कधी?"

दिवाळी झाली, कापूस फुटला, आणि वेचणीच्या ऐन गर्दीत एका संध्याकाळी उखा लंगडत ओट्यावर आला. उखा दोन एकरांचा धनी. घरी बायको आणि दोन लहान मुली. माणूस असा भोळा की बाबाने सांगितलं तर तो उद्या तापीला उलटं वाहायला सांगून येईल. त्याच्या पोटरीवर दातांची दोन भोकं होती, त्यात तिखट आणि तेल भरलेलं. नदीकाठचं ते कानतुटं कुत्रं, उगाच अंगावर आलं म्हणाला.

"बाबा, धुळे जाऊ का? तठे पोटमा सुया देतंस म्हने. पन आठे कापूस फुटी ऱ्हायना."

प्रश्न सरळ होता आणि एकट्या उखाचा होता. पण ओट्यावर दहा माणसं बसली होती, म्हणून बाबाने उत्तर दहा जणांना दिलं. त्याने घसा साफ केला.

"उखा, मानूसले एक बान लागस. दुखस, मंग बरं व्हस. पन मानूस तेवढावर ऱ्हास का? 'आते मन्हं कसं व्हई, आते मी मरसू' आसं करीसन तो सोताच सोताले दुसरा बान मारस. कुत्रं चावनं हाऊ पहिला बान. भेव हाऊ दुसरा. दुसरा मारू नको. घर जाय, कापूस येच."

माणसांनी माना डोलावल्या. आतून, भाकरी थापता थापता, धनुबाईचा आवाज आला, "पन पहिला बान काढा का कोनी?"

सगळे हसले. बाबाही हसला. "बाईमानूसले काय कयस," तो म्हणाला. उखाने हात जोडले आणि लंगडत घरी गेला.

ही झाली पहिली संध्याकाळ. पाचव्या दिवशी बाबा शेतातून परतत होता. पायवाटेच्या कडेला, बाभळीखाली ते कानतुटं कुत्रं पडलेलं होतं. बाबा बाजूने जाऊ लागला तसं ते उठलं. मागचे पाय त्याला धड उचलत नव्हते, जबडा लोंबत होता आणि लाळेची तार मातीपर्यंत आली होती. ते भुंकलं नाही. सरळ आलं आणि बाबाने पुढे केलेल्या हातात, मनगटाच्या खाली दात रुतवून, झिंगत झिंगत कापसात शिरलं. दोन दिवसांनी ते नाल्यात मरून पडलेलं दिसलं. कावळेसुद्धा त्याच्याजवळ जात नव्हते असं पोरं म्हणत होती. कावळ्यांचं खरं-खोटं देव जाणे, पण ते ऐकून बाबा आपलं मनगट पुन्हा पुन्हा धुवत बसला.

कारण बाबाला ठाऊक होतं. रंगूनच्या गिरणीत एका हमालाला कुत्रं चावलं होतं. जखम भरली, हमाल विसरला, गिरणी विसरली. तीन महिन्यांनी त्याला बाजेला बांधावं लागलं. शेजारच्या खोलीत कोणी घागरीतून तांब्यात पाणी ओतलं की त्या आवाजानेच त्याचा घसा आवळे आणि तो असा काही ओरडे की गिरणीच्या भोंग्यापेक्षा तो आवाज वाईट वाटे. दोन दिवस ते चाललं. बाबाने स्वतः त्याच्या पायाकडची दोरी धरली होती.

आणि हे सगळं ठाऊक असूनही त्याने उखाला सांगितलं होतं, घरी जा, कापूस वेच! पोटरी उखाची होती तेव्हा तो हमाल बाबाला आठवलासुद्धा नव्हता. आता मनगट स्वतःचं होतं आणि हमाल दिवसरात्र डोळ्यांपुढून हलत नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे.

मग सरळ धुळ्याला जायचं ना! शहाणा माणूस गेला असता. पण बाबाला शहाणं म्हणवून घ्यायची सवय लागली होती आणि त्या सवयीने त्याचे पाय बांधले. धुळ्याला जायचं तर गावाला सांगावं लागणार. गावाला सांगायचं तर उखाच्या डोळ्यांत बघावं लागणार. त्याने हाताला फडकं गुंडाळलं, विळा लागला म्हणून सांगितलं, आणि आतल्या आत पिकलेल्या पानासारखा थरथरू लागला.

तो पाणी पिऊन बघू लागला. घसा बंद झाला की संपलं, हे त्याने पाहिलं होतं, म्हणून तास-दोन तासांनी तांब्या उचलायचा, एक घोट घ्यायचा, खाली उतरतो का बघायचं. उतरला की तेवढ्यापुरता जीव भांड्यात. पुन्हा घटकाभराने हात तांब्याकडे जाई. एकदा घोट घेताना ठसका लागला तर बाबा भिंतीला धरून खाली बसला. धनुबाई चुलीपाशी होती. तिने नुसतं वळून पाहिलं. मूर्तीसमोर बसला तर त्या पांढऱ्या दगडाच्या मिटल्या पापण्यांचाही त्याला राग येई. याला काय होतंय मिटायला, याला कुठे कुत्रं चावलंय!

उखाला चावल्यापासून दहाव्या दिवशी बाबाने ते केलं, ज्याला तो आजवर हसत आला होता. गावात जुनी रीत होती. कुत्रं चावलेल्या माणसाने एका दिवसात, सूर्य मावळायच्या आत सात विहिरींत डोकावायचं. सातही ठिकाणी आपलं तोंड दिसलं तर विष उतरलं. कुठे कुत्र्याचं तोंड दिसलं तर मग देवाचं नाव घ्यायचं. आणि पहिल्या विहिरीपासून सातवीपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काढला तर पाहिलेल्या विहिरी फुकट गेल्या. "पानीमा आपलंच तोंड दिसस रे, दुसरं कोनं दिसी?" असं बाबाच म्हणत असे.

गाव वेचणीला गेलेलं बघून तो भर दुपारी निघाला. पहिल्या विहिरीत स्वतःचं तोंड दिसलं. दुसरीत दिसलं. तिसऱ्या विहिरीवर मोट चालू होती. तिथे मोटकऱ्याने हाक मारली, "कोठे चालनात, बाबा?" बाबाने ओठ घट्ट मिटून नुसता हात हलवला. चौथीत पाण्यावर शेवाळ होतं, तिथे त्याला काहीच दिसेना. त्याने खडा टाकला, शेवाळ फाटलं, आणि खालून काहीतरी काळं वर आल्यासारखं झालं. ते त्याचंच पागोटं होतं. पाचवी झाली, सहावी झाली. घशाला कोरड पडली होती, पण वाटेत पाणी प्यायचं नव्हतं. गिळता येतं की नाही हे बघण्यासाठी तो आवंढे गिळत चालला होता आणि प्रत्येक आवंढा आधीच्यापेक्षा जड वाटत होता.

सातवी विहीर गावापासून लांब, बाभुळबनाच्या मागे. जुनी, पडक्या कठड्याची. तिथे कोणी जात नाही म्हणून बाबाने ती शेवटी ठेवली होती.

तिथे माणूस होता.

कठड्यावर पागोटं नीट घडी करून ठेवलेलं. त्याच्या शेजारी वहाणा, जोडून. आणि कठड्याच्या पलीकडे, पाण्याकडच्या अरुंद दगडावर उकिडवा बसून, गुडघे कवटाळून खाली बघत बसलेला उखा.

वहाणा आणि पागोटं बघून काय ते बाबाला क्षणात कळलं. आता हाक मारायला हवी होती. पण हाक मारली की सहा विहिरी फुकट जाणार. लाज वाटते सांगायला, पण सांगतो: तेवढ्यातही बाबाच्या मनात आलं की आधी डोकावून घ्यावं, एकच तर उरली आहे, मग हाक मारू. त्याने एक पाऊल टाकलंसुद्धा. त्याच वेळी उखाच्या पायाखालून एक खडा निसटला आणि बऱ्याच वेळाने खाली पाणी वाजलं.

"उखा!"

उखा दचकून वळला. त्याने आधी बाबाच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताच्या फडक्याकडे. पाहता पाहता त्याला उमगलं.

"बाबा, तुमी बोलनात," तो हळूच म्हणाला. "तुमन्या हिरी फुकट गयात."

"जाऊ दे. तू वर ये."

"पाचवीमा माले ते दिसनं, बाबा. पानी हालनं नि कानतुटं दिसनं. आठे बी दिसनं ते घर जावानं नही, आसं ठरायेल शे." त्याचा आवाज अगदी शांत होता. "मन्ह्या पोरी न्हान्या शेत. मी पिसायनू ते त्यासले चावसू. हाई देखा." त्याने मनगट पुढे केलं. मनगटावर दातांच्या खुणा होत्या, काही जुन्या, काही ओल्या. "हाई मीच चावेल शे. भेव वाटनं का मी हात चावस, आवाज निंघाले नको म्हनीसन. आते माले कयत नही, हाई भेव शे का ते शे."

बाबाच्या तोंडाशी चार वचनं आली असतील. बावीस वर्षांची पुंजी होती ती, थोडी नव्हती. पण त्याच्या तोंडून वचन निघालंच नाही. तो कठड्याशी जाऊन मातीत बसला आणि वाकून त्याने उखाचा सदरा मुठीत धरला.

"उखा, माले भेव वाटस."

"तुम्हले?"

"पाच दिन व्हई गयात. माले बी तेच कुत्रं चावनं. घडीघडीले पानी पीसन देखस, घसाखाले उतरस का नही. रंगूनमा मी एक मानूस मरताना देखेल शे. तुले सांगं नही. धुळे जावाले पाहिजे व्हतं तुले, त्याच दिन. मी सांगं नही."

उखाचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं.

"माले ते पहिला दिनथीन वाटस, बाबा!" तो ओरडला. "तुमी बठा लोकंसमोर सांगं, दुसरा बान मारू नको. मी घर गवू नि भेव वाटनंच. मंग मी समजनू, मीच मन्हा जीव ली ऱ्हायनू. बायकोले सांगं नही. कोनले सांगं नही. लाज वाटे."

बाभुळबनात कुठेतरी होला घुमत होता. बाबाला ती संध्याकाळ आठवली, ती दहा माणसं, त्या डोलणाऱ्या माना. उखाला पहिला बाण कुत्र्याने मारला होता. दुसरा उखाने मारला नव्हता. तो ओट्यावरून सुटला होता, घसा साफ करून, नेम धरून. आणि पहिला बाण काढला का, हे विचारणारी बाई चुलीपाशी होती आणि तिला सगळे हसले होते.

"धनु इचारे, पहिला बान काढा का," बाबा म्हणाला. "नही काढा, उखा. तुन्हा बी नही, मन्हा बी नही. चाल, काढाले जाऊत. भेव वाटस ते वाटू दे. आपन दोन्ही भीत भीत जाऊत."

उखाने एकदा खाली पाण्याकडे पाहिलं. मग त्याने हात वर केला. बाबाने त्याला ओढून घेतलं तेव्हा दोघंही मातीत आडवे झाले आणि कोणाचा श्वास कोणाचा ते कळेना. सातव्या विहिरीत बाबा डोकावलाच नाही. त्याने कठड्यावरचं पागोटं उचललं आणि उखाच्या डोक्यावर ठेवलं.

दिवस कलला होता. दोघं गावात शिरले तेव्हा लोक वेचणीवरून परतून ओट्याशी जमू लागले होते. बाबाने सगळ्यांसमोर हातावरचं फडकं सोडलं. आणि तो बोलला. कुत्रं पिसाळलेलं होतं. मलाही चावलंय. उखाला मी चुकीचं सांगितलं. आम्ही आत्ता गाडीने नंदुरबारला निघतोय, सकाळच्या मोटारीने धुळ्याला. कोणी हसलं नाही, कोणी मानही डोलावली नाही.

धनुबाई दारात आली. तिच्या हातात गाठोडं होतं, बांधून तयार.

"हाई कवय बांधं तू?" बाबाने विचारलं.

"चार दिन व्हयनात," ती म्हणाली. "तुमी पानी पीसन देखेत. मी तुम्हले पेताना देखू." तिने पदराने डोळे पुसले. चार दिवस या बाईने त्याचा एकेक घोट मोजला होता, आणि ती बोलली नव्हती, कारण त्या घरात भ्यायची लाज वाटायची सोय बाबानेच करून ठेवली होती.

बैल जुंपले गेले. उखाची बायको रडत रडत भाकऱ्या घेऊन आली. उखा गाडीत चढला. बाबाने गाडीच्या दांडीवर पाय ठेवला आणि मग काय वाटलं कोण जाणे, तो थांबला आणि वळला.

"आजून कोनले चावनं का ते कुत्रं?"

बाबा वाट बघत उभा राहिला. शेवटी बायकांच्या घोळक्यातून जमनाबाई पुढे आली. तिने हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. बांगड्यांच्या खाली, गोऱ्या हातावर, दातांची तीन भोकं होती, कडा काळ्या पडलेली.

"नालावर धुनं धुई ऱ्हायनथू," ती म्हणाली. "आठ दिन व्हयनात. तुमीच सांगेल व्हतं बाबा, आनेल ताट लेवानं नही. मी लिधंच नही. कोनले सांगं नही, मनमा बी आनं नही." तिने बाबाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिथे जे दिसलं त्याने तिचे ओठ पांढरे पडले. "परत जास ना, बाबा? ते ताट परत जास ना?"

"हाई ताट परत जात नही, बेटा."

जमनाबाईच्या हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. तिने दुसऱ्या हाताने त्या दाबून धरल्या, तरी वाजत राहिल्या.

"मंग आते घाबरू का मी?"

बाबाने हात पुढे केला. तोही थरथरत होता.

"घाबर व माय," तो म्हणाला. "पन गाडीमा बसीसन घाबर."